चुकत चुकत इंग्रजी

माझं माहेर चांदवड तालुक्यातलं, हायवे सोडून आत गेलं की लागतं, कांद्याचं गाव, आता तुम्ही म्हणाल तिकडं कुठलं गाव कांद्याचं नाय, तं तेही खरंच हाय, उन्हाळ्यात आमच्या घरात अंथरुणाला सुद्धा कांद्याचा वास यायचा. मी चौथी पोर आन् सगळ्यात तोंडाळ. आई म्हणायची, मंदे, तुझी जीभ दिवसातून घटकाभर खुंटीला टांगून ठेवत जा. पण शाळेत इंग्रजीचा तास आला की हीच जीभ टाळ्याला चिकटायची, सर उभं करायचे, पुस्तक हातात, आन् मी नुसती उभी, वर्ग हसतोय तरी मी उभीच. आठवीत इंग्रजीत नापास झाले आन् शाळा सुटली. घरच्यांनी सोडवली नाय हां, मीच म्हणलं, दिवसभर खळ्यावर कांदे निवडीन पण त्या पुस्तकापुढं परत उभी ऱ्हाणार नाय. आन् आता माझं सगळं काम त्या इंग्रजीवरच चाललंय, तेही चुकीच्या इंग्रजीवर, काय सांगू तुम्हाला दादा.

लग्न करून विंचूरला आले, तिथंही कांदाच, शेडमध्ये बसायचं, मोठा एकीकडं, गोल्टी म्हंजे बारका एकीकडं, सडका बाहेर. मंग आमच्या मालकांना नाशकात टेम्पोवर काम लागलं आन् आम्ही पाथर्डी फाट्याला खोली घेतली. शेजारणीनं मला ब्युरोत नेलं, ब्युरो म्हंजे म्हाताऱ्या, आजारी माणसांकडं बाया पाठवत्यात ते. अंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं, गोळ्या वेळेवर द्यायच्या. मला ते काम जमलं. लोकांना किळस येती, मला कधी आली नाय, माझ्या आजीचं सगळं मीच केलेलं. दोन म्हातारे माझ्या हाताखाली गेले, म्हंजे त्यांचं वयच झालं व्हतं, आन् तिसरीकडं मॅडमच्या घरी पाठवलं, इंदिरानगरला, दुसरा मजला.

मॅडम मूळच्या केरळच्या, पण नाशकात चाळीसएक वर्षं झाली असतील. मिस्टर मिलिटरीत व्हते, ते वारले. मॅडमनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यांना झटका आला तवा उजवी बाजू गेली आन् वाचा गेली. उजवा पाय हळूहळू आला, हात थोडा आला, वाचा काय आली नाय. नुसतं दॅट, दॅट, दॅट. पाणी पाहिजे तरी दॅट, पंखा बंद कर तरी दॅट, रडायला आलं तरी दॅट दॅट करत रडायच्या. आधी मराठी यायचं म्हणे त्यांना, भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं, हिंदी यायचं, घरचं मल्याळी यायचं, सगळं पुसून गेलं. पण समजत व्हतं बरं का सगळं. डोळे बघितले की कळायचं, बाई आत पूर्ण जागी हाय आन् बाहेर यायला दार नाय. ते बघून पहिल्या दिवशी मला धडकीच भरली.

मुलगा बंगलोरला, अनिलसर. एकुलता एक. महिनाभर ऱ्हाऊन गेले, मंग रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल. फोन मी धरायचे. ते रोज विचारायचे, अम्मा, मी कोण, माझं नाव सांग. मॅडम तोंड हलवायच्या, मान हलवायच्या, घाम यायचा कपाळाला, आन् दॅट. मंग त्या तोंड फिरवायच्या. आठ महिने, रोज. एवढा मोठा माणूस पण फोन ठेवताना त्यांचा आवाज लहान पोरासारखा व्हायचा.

आठवड्यातून दोनदा एक पोरगी यायची, बोलायला शिकवणारी, मी तिला थेरपीताई म्हणायचे. ती चित्रांची कार्डं दाखवायची, कप, कुत्रा, पंखा, व्हॉट इज धिस, व्हॉट इज धिस. मॅडमनी एक दिवस सगळी कार्डं डाव्या हातानं उधळून दिली. बरोबर हाय हो, जिनं तीस वर्षं पोरांना शिकवलं तिला तुम्ही कुत्रा दाखवून विचारता हे काय. थेरपीताई मला म्हणली, मंदाताई, मी आठवड्यात दोन तास येते, तुम्ही रोज बारा तास असता, तुम्ही बोला यांच्याशी. म्हणलं बोलतेच की, माझं तोंड कुठं बंद असतं. तं म्हणे मराठी नाय, एकच भाषा धरायची, आन् यांची भाषा इंग्रजी, घरातही तीच बोलायच्या.

दादा, मी त्या दिवशी ब्युरोला फोन करून सांगितलं, मला दुसरीकडं पाठवा. खरं सांगते, मला ते आठवीचं पुस्तक दिसायला लागलं. ब्युरोवाली म्हणली पंधरा दिवस काढ, दुसरी बाई नाय. थेरपीताईनं माझ्या वहीत मराठी अक्षरात दहा वाक्यं लिहून दिली. आय मेक टी. धिस इज युवर टॅबलेट. सिट डाऊन, स्लोली. म्हणली, जे हातात असंल तेच बोलायचं, चहा करताना चहाचं, वेणी घालताना केसाचं, मोडकंतोडकं चालंल. मी स्वयंपाकघरात जाऊन दुधाच्या पातेल्याशी बोलायचे आधी, आय मेक टी, आय मेक टी, आन् मंग बाहेर येऊन मॅडमशी. त्या ऐकायच्या आन् खिडकीकडं बघायच्या. दीड महिना असाच गेला. दहाची चाळीस वाक्यं झाली माझी, त्यांचं आपलं दॅट.

आता मेन गोष्ट सांगते. मी संध्याकाळी आठला निघायचे, रातची बाई आली की. निघताना इंग्रजीत काहीतरी म्हणायला पाहिजे ना, तं मी म्हणायचे, मॅडम, आय कम. आपल्यात कसं, घरातून निघताना जाते म्हणत नायत, येते म्हणत्यात, आन् आजारी माणसाच्या उशाशी उभं ऱ्हाऊन जाते म्हणायचं म्हंजे, नको बाई, जिभेलाच येत नाय ते. माझ्या मनात काय, मराठीत येते तं इंग्रजीत कम. आठ दिवसांनी रातची बाई माझ्यावर वैतागली. म्हणली, तू जाताना ह्यांना काय सांगून जाते गं, ह्या आडव्या होत नायत, दाराकडं तोंड करून बसून ऱ्हात्यात. मला इतकं वाईट वाटलं. बिचाऱ्या रोज माझी वाट बघत बसलेल्या, मंदा आत्ता येती म्हणून, आन् मी पाथर्डी फाट्याला भाकऱ्या थापतीय.

पण सवयीचं काय करणार, त्या दिवशीही पिशवी उचलली आन् तोंडातून तेच गेलं, मॅडम, आय कम. तं मॅडमनी डावा हात वर केला. बोटानं हवेत फुली मारली, अशी, वहीत लाल पेनानं मारत्यात तशी. तोंड वाकडं झालं, मान ताणली, मला वाटलं परत झटका येतोय, मी पिशवी टाकून धावले. आन् त्या म्हणल्या, नो. गो.

मी म्हणलं काय? त्या म्हणल्या, आय. गो. आन् माझ्याकडं अशा बघायला लागल्या, रागानं, आता म्हण बरोबर. दादा, माझ्या अंगावर काटा आला. आत्ता सांगतानाही बघा, हात बघा माझा. एवढे डॉक्टर, ती कार्डं, काय काय झालं, आन् शब्द आला तो माझी चूक काढायला आला. मी तिथंच खाली बसले आन् रडायला लागले आन् मराठीत म्हणलं, नाय मॅडम, आमच्यात गो म्हणत नायत, तुम्ही आजारी, मी गो म्हणणार नाय, काय वाट्टेल ते करा. त्यांना काय समजलं देव जाणे, पण हसल्या. अर्ध्या तोंडानं हसल्या, अर्धं हलत नव्हतं ना. रातची बाई दारात चपला हातात घेऊन तशीच उभी, तिला वाटलं दोघींचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी थेरपीताई आली, तिनं विचारलं, मॅडम, से गो. नाय आलं. व्हेअर इज मंदा गोइंग. नाय आलं. ती हिरमुसली. मी म्हणलं थांबा जरा, आन् दुधाचा कप पुढं केला आन् म्हणलं, मॅडम, ड्रिंक युवर टी. मॅडमनी कपात बघितलं, माझ्याकडं बघितलं, बोट वर, फुली, आन् मिल्क. थेरपीताई खुर्चीतून उठलीच. ती म्हणली, विचारलं की अडतं आन् चुकलं की येतं, तीस वर्षं वह्या तपासल्यात ना, तो रस्ता उघडा राहिलाय, मंदाताई तुम्ही चुकत ऱ्हा. मला तवा एकच सुचलं, की ज्या इंग्रजीत मी चुकले म्हणून शाळा सोडली तिथं आता मला सांगत्यात, चुकत ऱ्हा. माणसाच्या डोक्यात शब्द कुठं ऱ्हात असतील हो? मला वाटायचं गेले म्हंजे गेले, भिंतीवरचा चुना पडतो तसे. ते गेलेच नव्हते, आत बसलेले, कोणीतरी चुकायची वाट बघत.

मंग काय, माझा तोच धंदा. सकाळी चालत येताना रस्त्याभर चुका जुळवत यायचे. सोमवार असला की टुडे संडे. ऊन असलं की मॅडम, बिग रेन. चहात मीठ टाकते म्हणायचे, नळाला कांदा म्हणायचे. आन् बऱ्याच चुका मी जुळवलेल्या नसायच्याच, खऱ्याच असायच्या, त्या मला कळायच्या नाय आन् त्यांना कळायच्या. मी म्हणले, युवर हेअर लाँग, मी वॉश, तं बोट वर, नॉट मी, आय. एकदा मी डॉक्टरला म्हणलं शी इज ओल्ड वुमन, तं मॅडमनी मोठे डोळे केले आन् म्हणल्या, सीनियर. मी त्यांची चूक व्हायचे, त्या माझं बरोबर व्हायच्या, असं चाललेलं. पाचसहा महिन्यात त्या दोनतीन शब्द जोडायला लागल्या आन् मी, दादा, मी मेडिकलवाल्याशी इंग्रजीत बोलून आले.

आता मेडिकलवाल्याचं निघालं तं सांगते. मी त्यांना काठी धरून खाली फिरायला न्यायचे. अर्ध्या इंदिरानगरला त्यांनीच शिकवलेलं. मेडिकलवाला बाहेर येऊन उभा ऱ्हायचा, गुड मॉर्निंग मिस. इस्त्रीवाला, गुड मॉर्निंग मिस. एक टकला माणूस, पोटबीट सुटलेलं, गाडी थांबवून खाली उतरला आन् शाळेतल्यासारखा हात जोडून उभा. मॅडम सगळ्यांकडं बघून मान हलवायच्या आन् घरी येईपर्यंत त्यांची पाठ ताठ. मला वाटायचं, हेच ह्यांचं औषध हाय.

तेवढ्यात अनिलसरांचा फोन आला. बंगलोरला त्यांच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक जागा हाय, नर्स हायत, बाग हाय, डॉक्टर तिथंच. त्यांनी व्हिडिओत सगळं दाखवलं. मुलगा वाईट नाय हां, मी कधी तसं म्हणणार नाय, त्याचा जीव टांगलेला, आई एका गावाला आन् आपण एका. त्यांनी विचारलं, अम्मा, येशील ना, आवडलं ना? मॅडम म्हणल्या, येस, येस. हे त्यांचं असंच व्हतं, मुलानं विचारलं की दॅट नायतं येस, दुसरं निघायचंच नाय, जीव घाबरा व्हायचा. थेरपीताईनं सरांना सांगितलेलं, शब्द यायला लागलेत, पण त्यांच्या कानावर कधी पडलेच नाय. फोन ठेवला आन् माझा हात धरून एवढ्या रडल्या. मी म्हणलं मॅडम, यू लाइक बंगलोर, तं नो, नो, माय हाऊस. म्हंजे मला कळलं आन् तिकडं मुलानं तिकिटं काढली.

मी अनिलसरांना फोन केला. मराठी चांगलं हाय त्यांचं, इथंच वाढलेले. म्हणलं सर, त्यांना नाय जायचं. ते म्हणले, मंदाताई, तुमचं काम जाईल याची मला कल्पना आहे, मी ब्युरोशी बोलतो, तुम्हाला दुसरीकडे लावून देऊ. दादा, ते शांतपणे म्हणले, पण मला ते लागलं. मी कामासाठी बोलतीय असं वाटलं त्यांना. मंग मी परत बोलले नाय. माझ्या बोलण्याला आता किंमत नव्हती. ते त्यांच्या तोंडूनच यायला पाहिजे व्हतं.

ते आले मंगळवारी सकाळी. बॅगा काढल्या, मॅडमच्या साड्यांच्या घड्या घालायला लागले, स्वतः, कपाटापुढं बसून. मंग आईजवळ सोफ्यावर बसले, हात हातात घेतला आन् विचारलं, अम्मा, आपण उद्या निघायचं, चालेल ना तुला? मॅडम म्हणल्या, येस. परत विचारलं, नक्की ना? येस, येस. आन् डोळ्यातून पाणी. ते म्हणले, बघा, तिलाही भरून आलंय. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. कुकरला डाळ लावलेली, पहिली शिट्टी झाली.

काय झालं मला माहीत नाय, पण मी बोलले. इंग्रजीत बोलले, अनिलसरांकडं बघून पण मॅडमना ऐकू जाईल असं. मॅडम वेरी हॅपी. मॅडम नॉट लाइक धिस हाऊस. मॅडम वाँट गो बंगलोर. एवढं खोटं मी जन्मात बोलले नव्हते, आन् जीभ अशी जड झालेली, कारण मॅडमनी बोट वर केलं नाय तं मीच त्यांना घालवल्यासारखं व्हतं ना, माझ्याच तोंडानं. अनिलसर माझ्याकडं बघून बरं वाटल्यासारखे हसले. मॅडमचा हात अजून मुलाच्या हातातच. दुसरी शिट्टी झाली. मी मनात म्हणतीय, मारा फुली, मॅडम, मारा फुली.

आन् डावा हात सुटला मुलाच्या हातातून. बोट वर गेलं. फुली मारली आन् म्हणल्या, राँग. मंग मान ताणली, सगळं तोंड लाल, अनिलसर घाबरून उठायला लागले, मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं, एवढ्या मोठ्या माणसाला, माझं मला कळलं नाय. मॅडम म्हणल्या, आय. नॉट. गो. थांबल्या. धिस, माय हाऊस. आय स्टे. आन् मंग माझ्याकडं वळून, जोरात, मंदा राँग. तिसरी शिट्टी कधी झाली कुणालाच कळलं नाय, डाळ खाली लागली त्या दिवशी.

अनिलसर आईकडं बघत ऱ्हायले. मला वाटलं आता माझ्यावर ओरडणार, तं ते म्हणले, मंदाताई, हे काय होतं? मी सगळं सांगितलं, आय कम पासून, दुधाला चहा म्हणलं ते, सगळं. ते ऐकत ऱ्हायले आन् मंग आईपुढं खाली फरशीवर बसले, मांडी घालून. म्हणले, अम्मा, आय अॅम सुनील.

मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं. बोट वर केलं, पण फुली मारली नाय, ते बोट त्यांच्या कपाळाला लावलं आन् म्हणल्या, नो. अनिल. अनिल. माय अनिल. दादा, तो माणूस आईच्या मांडीत डोकं घालून रडला. मी आत गेले, गॅस बंद केला आन् ओट्याला धरून मीही रडून घेतलं. नंतर ते आत आले आन् मला म्हणले, मी फोनवर तुम्हाला जे बोललो ते चुकलं माझं. म्हणलं असू द्या सर, चहा गार झालाय, दुसरा टाकते.

तिकिटं रद्द केली. ते आता महिन्यातून एकदा येत्यात आन् रोज सातला फोन, पण आता मी कोण असं विचारत नायत. फोन लागला की म्हणत्यात, अम्मा, आत्ताच नाश्ता केला, किंवा आज मी बसनं दिल्लीला चालत गेलो, आन् इकडं मॅडमचं बोट तयारच. मला वाटतं त्यांना दिवसभर ऑफिसात चुकाच सुचत असतील. डॉक्टर म्हणत्यात परत झटका येऊ शकतो, कधीही, ते काय आपल्या हातात नाय. कधीकधी सकाळी त्यांची तब्येत बरी नसती, मी चुकते आन् त्या सोडून देत्यात, नुसत्या बघत्यात, तवा माझं कामात लक्ष लागत नाय.

आन् माझं इंग्रजी म्हणाल तं दादा, आता अडचण अशी झालीय की चुकायला मला डोकं खाजवावं लागतं. बरोबरच येतं तोंडात. परवा म्हणलं मॅडम, लुक, फिश ऑन द ट्री. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आन् म्हणल्या, मंदा, यू आर अ व्हेरी बॅड लायर. एका दमात. मी बोटं मोजली, एवढे शब्द, मधी कुठं न अडता. पण लायर म्हंजे काय ते मला ठाऊक नव्हतं, तं मी खरंच विचारलं, मॅडम, व्हॉट इज लायर? त्यांनी विचार केला, शब्द शोधला, सापडंना, मंग माझ्याकडं बोट केलं आन् म्हणल्या, यू. आन् अशा हसल्या, आता दोन्ही बाजूंनी हसत्यात त्या. देवानं त्यांना असंच ठेवावं आन् त्यांनी माझ्यावर असंच डाफरत ऱ्हावं, बास, मला दुसरं काय मागायचं नाय.